प्रत्येक घराचा एक फोटो : न्यूयॉर्कच्या दप्तरखान्यातील १९४०ची करछायाचित्रे

जुने न्यूयॉर्क म्हटले की डोळ्यांसमोर येणारी छायाचित्रे ठरलेली असतात. रॉकफेलर सेंटरचे बांधकाम चालू असताना उंच तुळईवर ओळीने बसून डबे खाणारे कामगार, ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या उंच खिडक्यांतून उतरणारे उन्हाचे झोत, धुक्यातली फ्लॅटआयर्न इमारत. ही चित्रे पुन्हापुन्हा पाहावीत अशीच आहेत; परंतु त्या शहरातला साधा भाडेकरू सकाळी जिना उतरून रस्त्यावर आला की त्याच्यासमोर कोणते दुकान होते, त्या दुकानावर कसली पाटी होती आणि शेजारच्या पायऱ्यांवर कोण बसले होते, हे त्यांतून कळत नाही. ते ज्या संग्रहातून कळते, तो न्यूयॉर्क महानगरपालिकेच्या दप्तरखान्यात, म्हणजे म्युनिसिपल अर्काइव्ह्जमध्ये आहे आणि घरबसल्या विनामूल्य पाहता येतो. गेली चार वर्षे मी तो सातत्याने वापरत आहे. शहरांच्या जुन्या दैनंदिन जीवनात रस असणाऱ्या प्रत्येकाने तो उघडून पाहावा असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मत कशावरून बनले हे त्याच्या उणिवांसह येथे मांडते.

या छायाचित्रांमागे कलेचा हेतू नव्हता, घरपट्टीचा होता. महामंदीत बेरोजगार झालेल्यांना काम देण्यासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ मध्ये वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा उभी केली होती. तिच्या साहाय्याने न्यूयॉर्कच्या कर खात्याने १९३९ ते १९४१ या काळात मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड या पाचही विभागांतील प्रत्येक इमारतीचे छायाचित्र ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर घेण्याचे काम हाती घेतले, कारण मालमत्तेचे मूल्यांकन करताना इमारत प्रत्यक्षात कशी आहे याचा पुरावा हाताशी असावा, अशी खात्याची गरज होती. ही छायाचित्रे सुमारे ७ लाख २० हजार भरतात. १९४०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७४ लाख ५४ हजार ९९५ होती. म्हणजे ढोबळमानाने दर दहा रहिवाशांमागे एक छायाचित्र. इतक्या मोठ्या शहराची इतकी सलग नोंद, आणि तीही तीनेक वर्षांच्या आत, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

चित्र उघडले की प्रथम नजर जाते ती इमारतीसमोर धरलेल्या किंवा उभ्या केलेल्या एका फलकाकडे. त्यावर ब्लॉक आणि लॉट असे दोन क्रमांक असतात. आपल्याकडे सिटी सर्व्हे नंबराने जागा ओळखतात तशीच ही पद्धत आहे: ब्लॉक म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेला इमारतींचा गट आणि लॉट म्हणजे त्यातली एकेकाची जागा. संपूर्ण संग्रह याच क्रमांकांनी लावलेला असल्यामुळे केवळ पत्ता माहीत असून भागत नाही. तो पत्ता आधी ब्लॉक-लॉटमध्ये बदलून घ्यावा लागतो. शहर नियोजन खात्याचा झोनिंगचा नकाशा महाजालावर आहे, त्यात पत्ता टाकला की दोन्ही क्रमांक मिळतात. उदाहरणार्थ, एम्पायर स्टेट बिल्डिंग आज ब्लॉक ८३५, लॉट ४१ आहे. नवख्या माणसाला ही पायरी जाचक वाटेल हे मला मान्य आहे. पण एकदा सवय झाली की त्यातूनच शहराची घडण समजू लागते, आणि लगतचे लॉट एकामागून एक उघडत गेल्यास आपण एखाद्या रस्त्यावरून खरोखर चालत असल्यासारखे वाटते.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी ‘१९४०ज डॉट एनवायसी’ हे खासगी संकेतस्थळ आहे. दप्तरखान्याने २०१८ मध्ये संपूर्ण संग्रह डिजिटल स्वरूपात खुला केल्यानंतर तीच छायाचित्रे या संकेतस्थळाने नकाशावर मांडली. नकाशावर ठिपके दिसतात, ठिपका दाबला की त्या जागेचे चित्र समोर येते आणि तेथे राहिलेल्या लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणीही काही ठिकाणी वाचायला मिळतात. मी स्वतः शोधाची सुरुवात या नकाशावरून करते आणि चित्र हाती लागले की त्याची मूळ नोंद दप्तरखान्याच्या संग्रहात जाऊन पाहते.

पहिल्यांदा मी अर्थातच आमची स्वतःची इमारत शोधली. क्वीन्समधील जॅक्सन हाइट्स येथे आम्ही राहतो. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावरची भारतीय दुकाने, साडीची आणि सोन्याची, अनेक मराठी वाचकांनी पाहिली असतील. चित्रात आमची विटांची सहामजली इमारत तशीच आहे, फक्त खिडक्यांवर कापडी छत्र्या आहेत, कारण वातानुकूलन यायचे होते. दारासमोर उंच चाकांची बाबागाडी उभी आहे आणि तिच्याजवळ कोणी नाही. मूल आत नेले असावे, गाडी बाहेरच राहिली असावी. हे चित्र मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने उन्नत रेल्वे येण्याच्या बेताने हा परिसर वसवला. रेल्वे १९१७ मध्ये सुरू झाली आणि मधल्या चौकात सामायिक बाग असलेल्या इमारती पाठोपाठ उभ्या राहिल्या. त्या सुबक घरांत ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना मात्र जागा दिली जात नसे. आमच्यासारखे लोक तेथे आले ते १९६५ च्या कायद्याने स्थलांतराचे दार उघडल्यानंतर. त्यामुळे त्या बाबागाडीमागच्या बंद दारातून १९४० साली कोण आत जाऊ शकत होते आणि कोण नाही, हे मनात ठेवूनच मला ते चित्र पाहावे लागते. चित्र स्वतः त्याबद्दल काही सांगत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागते.

आता या छायाचित्रांत जे सापडते त्याविषयी. छायाचित्रकाराला इमारत हवी होती, माणसे नव्हे. म्हणूनच माणसे आपापल्या कामात गुंतलेली आढळतात. कोणी पायऱ्यांवर बसून वर्तमानपत्र वाचत आहे, कोणी दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभा आहे, फलक धरणाऱ्याभोवती शाळेतून परतणारी मुले गोळा झाली आहेत. रस्त्यावरून घरात चढणाऱ्या या पायऱ्यांना न्यूयॉर्कमध्ये ‘स्टूप’ म्हणतात. हा शब्द मूळ डच वसाहतीतून आलेला आहे, आणि त्याचा उपयोग पाहिला तर आपल्याकडच्या ओट्याशी त्याचे नाते अगदी जवळचे आहे. चौथ्या-पाचव्या मजल्यापासून खाली उतरणारे लोखंडी जिने आगीच्या वेळी सुटकेसाठी होते; परंतु उन्हाळ्यात त्यांच्यावर गाद्या वाळत घातलेल्या, कुंड्या ठेवलेल्या दिसतात, आणि रात्री लोक तेथे झोपतही असत. काही रस्त्यांवर अजून घोडागाडी आहे. दुकानांच्या काचांवर पदार्थांचे भाव सेंटमध्ये रंगवलेले आहेत, आणि ते वाचण्यासाठी चित्र मोठे करताना मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत.

जे दिसत नाही तेही बोलके आहे. मॅनहॅटनमधील लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या जुन्या वस्तीतल्या रस्त्यांची ओळख म्हणजे हातगाड्यांची दाटी, असे जुन्या वर्णनांतून आपल्या मनात बसलेले असते. महापौर ला गार्डिया यांनी फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवून छपराखालच्या मंडयांमध्ये नेले आणि एसेक्स स्ट्रीटवरची मंडई जानेवारी १९४० मध्ये उघडली; करछायाचित्रे नेमकी त्याच काळातली आहेत. सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरची उन्नत रेल्वे डिसेंबर १९३८ मध्ये बंद झाली होती, त्यामुळे त्या रस्त्यावर कित्येक दशकांनंतर ऊन पोहोचले होते. तिसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवरची रेल्वे मात्र मॅनहॅटनमध्ये १९५५ पर्यंत चालू राहिली, आणि तिच्या खांबांच्या सावलीतली दुकाने या संग्रहात ओळीने मांडलेली आहेत. एकाच शहरातले हे दोन रस्ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय इतरत्र कोठेही इतक्या सहज मिळणार नाही.

याच काळातले थोर काम म्हणजे बेरेनिस अ‍ॅबट यांचे. त्याच सरकारी यंत्रणेच्या कलाविभागासाठी त्यांनी १९३५ ते १९३९ या काळात बदलत्या न्यूयॉर्कची छायाचित्रे घेतली. बॉवरी भागातल्या खाणावळीची भावांनी भरलेली काच, ब्लीकर स्ट्रीटवरच्या बेकरीच्या खिडकीत रचलेले पाव, हेस्टर स्ट्रीटवरचे कोंबड्यांचे दुकान ही त्यांची चित्रे न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने मोठ्या आकारात उतरवून घेण्यासाठी खुली केली आहेत. कौशल्याच्या बाबतीत करछायाचित्रे त्यांच्या जवळपासही जात नाहीत, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पण अ‍ॅबट यांनी एक बेकरी निवडली तेव्हा बाकीच्या शेकडो बेकऱ्या सुटल्या, आणि त्यांच्या आधी पत्रकार जेकब रीस यांनी झोपडपट्टीतले अंधारे कोपरे निवडले तेव्हा त्याच गल्लीतला नीटनेटका भाडेकरू सुटला. कर खात्याने कोणालाही सोडले नाही. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा वाडा आणि ब्राउन्सव्हिलमधली जुनी भाड्याची इमारत यांना सारखीच एक फ्रेम, सारखाच एक फलक मिळाला. माझ्या दृष्टीने या संग्रहाचे सर्वात मोठे मोल हे आहे, आणि ज्याला केवळ सुंदर चित्रे हवी आहेत त्याने अ‍ॅबट यांच्याकडे वळावे, येथे येऊ नये, असेही मी सांगेन.

हे मोल मला पूर्णपणे उमगले ते आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका वृद्ध शेजारीणबाईंमुळे. त्यांचे बालपण ब्राँक्समधील ईस्ट ट्रेमाँट या वस्तीत गेले. १९५२ च्या डिसेंबरमध्ये त्या परिसरातल्या रहिवाशांना घरे सोडण्याच्या नोटिसा आल्या, कारण क्रॉस-ब्राँक्स एक्स्प्रेसवे हा महामार्ग तेथून जाणार होता. थोडासा बाजूने, क्रोटोना पार्कच्या कडेने, रस्ता नेल्यास बहुतेक घरे वाचतील असा पर्याय लोकांनी मांडला होता. तो मानला गेला नाही, आणि एका मैलाच्या पट्ट्यातली सुमारे दीड हजार कुटुंबे उठली. बाईंच्या कुटुंबाचे पहिले काही अल्बम घरबदलात हरवले. आपले घर कसे होते याची त्यांच्याजवळ सत्तर वर्षे केवळ आठवण होती.

त्यांचा जुना पत्ता आजच्या नकाशावर टाकून उपयोग नव्हता, कारण त्या ठिकाणी आता वाहनांच्या सहा मार्गिका आहेत. अशा वेळी ब्लॉक-लॉटची पद्धत कामी येते. सार्वजनिक ग्रंथालयाने जुने विमा नकाशे डिजिटल स्वरूपात ठेवले आहेत. आग लागल्यास धोका किती याचा अंदाज बांधण्यासाठी तयार केलेल्या या नकाशांत प्रत्येक घर, त्याचे मजले, ते विटांचे की लाकडाचे हे सारे रंगांनी आणि आकड्यांनी दाखवलेले असते. त्यांतून आम्ही त्यांच्या रस्त्याचा जुना ब्लॉक शोधला आणि मग दप्तरखान्याच्या संग्रहात त्या ब्लॉकमधले लॉट एकेक करून पाहत गेलो. अकरावे चित्र उघडले तेव्हा बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. पाच मजल्यांची इमारत, खाली शिंप्याचे दुकान, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत उन्हाला टाकलेली उशी. खिडक्या डावीकडून मोजत त्या तिसरीपाशी थांबल्या आणि ती स्वयंपाकघराची असल्याचे त्यांनी सांगितले. त्या वेळी त्या तीन वर्षांच्या असणार. शिंप्याचे नाव मात्र त्यांना लगेच आठवले. त्यानंतर आम्ही १९४० च्या जनगणनेचे पानही काढले. अमेरिकेत जनगणनेतली व्यक्तींची नावे ७२ वर्षे बंद ठेवतात, त्यामुळे ती २०१२ मध्ये खुली झाली आहेत. घराचा चेहरा एका कचेरीत आणि घरातली माणसे दुसऱ्या कचेरीत, अशी ही नोंद विभागलेली आहे. दोन्ही एकत्र ठेवल्यावर त्या संध्याकाळी एक अख्खा जिना आमच्यासमोर उभा राहिला.

अशी उठवलेली वस्ती ही एकच नाही. लिंकन सेंटर या कलासंकुलासाठी पाडलेली सॅन हुआन हिल, स्टायव्हसंट टाउन या गृहसंकुलासाठी मोकळा केलेला गॅस हाउस डिस्ट्रिक्ट, ब्रुकलिन-बॅटरी बोगद्याच्या तोंडापाशी संपलेली वॉशिंग्टन स्ट्रीटवरची अरबी वस्ती, वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी हटवलेली कोर्टलंट स्ट्रीटवरची रेडिओची दुकाने, या सर्व ठिकाणच्या सामान्य घरांचा दारनिहाय चेहरा पाहण्यासाठी मला या संग्रहाइतके भरवशाचे साधन दुसरे आढळलेले नाही.

उणिवाही स्पष्ट आहेत. एका इमारतीला साधारणपणे एकच चित्र, आणि तेही रस्त्याकडून. मागचे अंगण, कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्या, घराचा आतला भाग यांतले काही मिळत नाही. घाईत काढलेल्या चित्रांचा दर्जा सारखा नाही: काही धूसर आहेत, काही कललेली आहेत, काहींमध्ये उभ्या मोटारीने निम्मे दुकान झाकलेले आहे. नेमकी तारीख कळत नाही, तीन वर्षांचा पल्लाच गृहीत धरावा लागतो, आणि वर्णनाच्या ओळी तर जवळजवळ नाहीतच. ज्यांनी उन्हाथंडीत पायी फिरून हे काम केले त्या छायाचित्रकारांची नावे चित्रांसोबत येत नाहीत, याची मला सर्वात जास्त रुखरुख वाटते. अलीकडे अनेक लॉट एकत्र करून मोठ्या इमारती बांधल्या गेल्या आहेत. त्यांच्या जागी पूर्वी काय होते हे शोधताना वर सांगितलेले जुने नकाशे जवळ ठेवावेच लागतात.

त्याच दप्तरखान्यात आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, शहराच्या पूल खात्याचे छायाचित्रकार यूजीन द सालिन्याक यांनी १९०६ ते १९३४ या काळात काढलेली सुमारे २० हजार चित्रे. ७ ऑक्टोबर १९१४ रोजी ब्रुकलिन पुलाच्या तारांवर पसरून बसलेल्या रंगाऱ्यांचे प्रसिद्ध चित्र त्यांचेच. दुसरी, १९८० च्या दशकात याच करकामासाठी पुन्हा काढलेली रंगीत छायाचित्रे. एकाच लॉटची दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की मधल्या चाळीस वर्षांत काय घडले ते दिसते, विशेषतः दक्षिण ब्राँक्समध्ये, जेथे पालिकेने त्या दशकात ओसाड इमारतींच्या खिडक्यांवर पडदे आणि कुंड्यांची चित्रे असलेले स्टिकर चिकटवले होते, जेणेकरून महामार्गावरून जाणाऱ्यांना तेथे कोणी राहत असल्याचा भास व्हावा.

मराठी वाचकांसाठी एक खास वाट सुचवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाच्या आवारातल्या ज्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना या मित्रासह राहिले, त्याचे नाव आता वॉलाक हॉल आहे. त्या आवाराच्या दक्षिणेकडचा पश्चिम ११४वा रस्ता आणि भोवतालचे ब्लॉक करछायाचित्रांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहता येतात. ही चित्रे त्यांच्या मुक्कामानंतर पंचवीस वर्षांनी काढलेली आहेत, त्यामुळे मोटारी आणि पाट्या नंतरच्या आहेत. पण इमारतींपैकी बऱ्याच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आहेत, आणि ग्रंथालयाकडे रोज जाणारा एक तरुण विद्यार्थी कोणत्या दारांवरून जात असेल याची कल्पना त्यांवरून करता येते.

पडद्यावर पाहण्यासाठी काही खर्च नाही. भिंतीवर लावण्याजोगी प्रत हवी असेल तर दप्तरखान्याकडे शुल्क भरून प्रिंट किंवा मोठ्या आकाराची डिजिटल प्रत मागवता येते. मागणी नोंदवण्यापूर्वी फलकावरचे ब्लॉक-लॉट स्वतः वाचून ताडून पाहावेत, आणि मूळ चित्र धूसर असेल तर प्रिंटचा आकार लहानच ठेवावा, एवढी काळजी घेतली म्हणजे पुरे. शेजारीणबाईंसाठी मागवलेल्या प्रिंटमध्ये शिंप्याच्या दुकानाच्या काचेमागचा इस्त्रीचा टेबलही दिसतो, जो पडद्यावर आमच्या लक्षात आला नव्हता. ती प्रिंट त्यांनी स्वयंपाकघरात, खिडकीसमोर लावली आहे. फ्लोरिडातल्या त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी दुसऱ्या प्रतीची मागणी मी परवाच नोंदवली.